जिचं तिला सांगणाऱ्या पोतनीस मॅडम

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या सकाळी सगळे उज्जैन तेल-उटण्यात गुंतलेले असताना आमच्या कॉलेजच्या बंद फाटकाशी एक बाई उभ्या दिसत. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कानामागे धुवायचा राहून गेलेला उटण्याचा ओघळ आणि हातात चकल्यांचा डबा. या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका सुलभा पोतनीस. विभागाचा शिपाई बद्रीलाल डोळे चोळत फाटक उघडायला येई आणि दरवर्षी तेच म्हणे, "मैडमजी, आज तो त्योहार है।"

"चूहों को बताया तूने?" मॅडम विचारत आणि चकल्यांचा डबा त्याच्या हाती देऊन आत जात.

मी त्याच कॉलेजात गणित शिकवीत असे. लिहिण्याची सवय मला कधीच नव्हती. निवृत्तीनंतर हाती वेळ आला, तेव्हा ज्यांच्याविषयी प्रथम लिहावेसे वाटले त्या या बाई. आणि त्यांचा विषय मात्र नेमका असा, की तो चारचौघांत उच्चारताना माझ्यासारख्याची जीभ अडखळावी. सस्तन प्राण्यांचे प्रजनन आणि त्यामागची संप्रेरके हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. 'संप्रेरके' हा शब्द माझा. त्या सरळ 'हार्मोन' म्हणत.

विभागाच्या मागच्या खोलीत त्यांचे पांढरे उंदीर असत. उंदराच्या मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांत पुरे होते. ते कुठवर आले हे समजण्यासाठी रोज सकाळी, ठरल्या वेळी, प्रत्येक मादीच्या योनिमार्गातून पाण्याचा एक थेंब घेऊन काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. कधी त्यात गोल पेशी दिसतात, कधी कडा दुमडलेल्या चपट्या, कधी नुसती बारीक पांढऱ्या पेशींची दाटी. एक सकाळ चुकली की चक्राचा एक टप्पा हातचा जातो. म्हणून मॅडम ना रविवारी घरी राहिल्या, ना दिवाळीत, ना भाच्यांच्या लग्नांना जाऊन चार दिवस मुक्काम केला.

"रविवार माणसांनी काढला, सर," त्या म्हणत. "शरीराला त्याची खबर नाही."

त्यांच्या आकडेमोडीसाठी त्यांना माझी गरज पडे, आणि त्या निमित्ताने आमचा परिचय वाढला. स्टाफरूमच्या दारातूनच हाक येई, "ओ गणितवाले, जरा बसता का?" मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला, त्यांचे घराणे शिंद्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात येऊन स्थिरावलेले. त्यांच्या मराठीत हिंदी मुक्तपणे ये-जा करी. प्रारंभी ते माझ्या कानाला खटके आणि एकदा तसे माझ्या चेहऱ्यावर उमटले असावे.

"तुमची मराठी इस्त्रीची आहे, सर," त्या म्हणाल्या. "आमची अंगावरची. चुरगळणारच ना!"

पूर्वजांविषयी विचारले तर सांगत, "त्यांनी सरकारचा खजिना सांभाळला, मी उंदीर सांभाळून राहिले आहे. रोज मोजून घ्यावं लागतं, एवढंच दोन्हींत सारखं." फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. लग्न का केले नाही, हे त्यांना कुणी विचारल्याचे मी ऐकले नाही. त्यांचा चेहरा असा होता, की विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळेल याचीच भीती वाटावी.

त्यांच्या वर्गाची एक कथा कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि ती खरी आहे, कारण शेजारच्या वर्गातून ती मी स्वतः ऐकली आहे. प्रजननाचा धडा बहुतेक शिक्षक 'घरी वाचून घ्या' म्हणून ओलांडून जातात. मॅडम तो वर्षाच्या मध्यावर, पूर्ण हजेरीच्या दिवशी काढत. फळ्यावर अवयवांची नावे लिहिली की मागच्या बाकांवर खसखस सुरू होई. मग त्या खडू ठेवून खुर्चीवर बसत.

"हँस लो भई. मैं बैठी हूँ. जिसका बाकी है वो भी हँस ले."

आणि खरोखरच बसून राहत. हसू असे मुद्दाम मागितले की फार वेळ टिकत नाही. थोडे हसणे, थोडे एकमेकांकडे पाहणे, मग एक अवघडलेली शांतता. तीत मॅडमचा आवाज येई, "हो गया? अब जो बताऊँगी, वो तुम सबके घर में चल रहा है, इसलिए ध्यान से सुनो." पुढचा तास त्या शेतकऱ्याने जमिनीविषयी बोलावे तशा बोलत. शब्दांना आडपडदा नसे आणि शब्द मुद्दाम उघडे केल्याचा आवही नसे. हार्मोन म्हणजे काय हे त्या एका वाक्यात सांगत: शरीराच्या एका भागाने दुसऱ्या भागाला रक्तातून धाडलेला निरोप. गाय आपल्या वासराला हुंगते, तेव्हा तिच्या मेंदूतून निरोप निघतो आणि पान्हा सुटतो. ती घाबरलेली असेल तर दूध असूनही उतरत नाही. हे सांगताना एकदा त्या वर्गातल्या मुलांना म्हणाल्या होत्या, "कल को तुम्हारे घर बच्चा होगा और उसकी माँ को दूध नहीं उतरेगा, तो उसके सिर पर दस औरतें खड़ी मत करना. दरवाज़ा बंद करके उसको अकेला छोड़ देना." हे वाक्य ध्यानात ठेवणारा एक माजी विद्यार्थी पुढे बाप झाल्यावर त्यांना पेढे देऊन गेला.

सिंहस्थाच्या वर्षी घडलेला प्रसंग मी कधी विसरणार नाही. मेळ्याला महिना राहिला असेल. शहराला नवे रस्ते आणि नवे दिवे मिळत होते. एका सकाळी मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. नेहमीची हाक नाही.

"सर, उंदरं अडकली."

"कुठे?"

"माजावर. सगळ्या माद्या. रोज त्याच चपट्या पेशी. पुढे सरकतच नाहीत."

विभागात तर्क लढवले गेले. कुणी दाणा बदलल्याचा दोष काढला, कुणी उन्हाळ्याचा. बद्रीलालने आपल्यापुरते ठरवून टाकले की मेळ्याच्या आधी नगरीत साधूंचे पाय लागल्यावर मुक्या जनावरांना असे होणारच. मॅडमनी कुणाचेच खोडले नाही. त्या दिवशी संध्याकाळी मात्र त्या घरी गेल्या नाहीत. उंदरांच्या खोलीतला दिवा ठरल्या वेळी बंद करून तिथेच स्टुलावर बसल्या. दिवा बंद झाला आणि खोली अंधारली नाही. वरच्या झरोक्यातून दुधी उजेडाचा एक पट्टा थेट पिंजऱ्यांवर पडला होता. यात्रेकरूंच्या नव्या मार्गावर कॉलेजच्या कुंपणाबाहेर दिव्यांचा उंच मनोरा उभा राहिला होता, आणि तो पहाटेपर्यंत जळत असे.

"रात्र होत नाही बिचाऱ्यांना," दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या. "अंधार झाला की मेंदूला कळतं, आता बीज सोडायचा निरोप धाडायची वेळ आली. अंधारच नाही, तर तो कशाच्या भरवशावर धाडणार?"

त्यांच्याबरोबर मेळ्याच्या कार्यालयात जाण्याचे संकट माझ्यावर आले. मी शक्य तितका मागे उभा राहिलो. फायलींच्या आडून साहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मैडम, लाखों श्रद्धालु आ रहे हैं, और आपको चूहों की पड़ी है?"

"नींद तो श्रद्धालुओं को भी चाहिए, साहब," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मुँह ज़रा घुमा दीजिए उसका, बस."

मनोऱ्याचे तोंड काही वळले नाही. मॅडमनी घरून आपली काळी छत्री आणली, बद्रीलालला शिडीवर चढवले आणि ती उघडी छत्री झरोक्यात अडकवून टाकली. आठवडाभरात एकेक मादी पुढे सरकली. त्या वर्षीच्या वळवाच्या सरीत मॅडम भिजत घरी जात होत्या, कारण छत्री कामावर होती.

हे सारे मी रंगवून सांगतो आहे, कारण पुढचे सांगणे मला जड जाणार आहे.

आमच्या कॉलेजचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, गोविंदराव माझे शेजारीही होते. जुन्या उज्जैनचे मराठी घर. सोवळेओवळे, कुळाचार, सगळे जिथल्या तिथे. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी फार मायाळू. एकुलती मुलगी मृणाल बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि मॅडमच्या हाताखाली उंदरांचे छोटेसे काम करीत होती. दर महिन्याला चार दिवस ती बाहेरच्या पडवीत चटईवर बसलेली दिसे. ताट वेगळे, तांब्या वेगळा. हल्ली हे फारशा घरांत उरलेले नाही. मी त्या दिवसांत अदबीने नजर दुसरीकडे वळवून जात असे.

एके दुपारी मॅडम स्टाफरूममध्ये एकट्याच होत्या. मला समोर बसवून म्हणाल्या, "एक गणित सांगा. एका मुलीला दर महिन्याला चार दिवस अडचण असते. तेवढे दिवस ती लॅबमध्ये येत नाही. तीन वर्षं मी पाहून राहिले आहे. या तीन वर्षांत ती अडचण एकदाही गणपतीत आली नाही. नवरात्रात नाही, दिवाळीत नाही, संक्रांतीला नाही. याची शक्यता किती?"

मी संकोचून कागद पुढे ओढला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "गणित तुमचं, पण शरीर माझ्या ओळखीचं आहे. ते मागेपुढे सरकतं. सणावर येऊन आदळतं, घरात रडारड होते, गोळ्या आणल्या जातात. इतकं सोयीनं ते वागत नाही. ही तारीख कुणीतरी पंचांग पाहून ठरवतंय, सर."

मुलीचे नाव त्यांनी घेतले नाही. मला ते कळले, आणि पडवीतली चटई डोळ्यांपुढे उभी राहिली. मुलीला पाळी येतच नव्हती. शेजारणींनी आणि आत्या-मावश्यांनी विचारू नये म्हणून वहिनी तिला दर महिन्याला बाजूला बसवत होत्या. आणि त्या श्रद्धाळू माउलीला खोट्या कारणासाठी मुलीला देवाच्या सणापासून दूर ठेवणे जमत नव्हते. तेवढेच त्यांचे चुकले.

"तुम्ही तिला विचारणार?" मी म्हणालो.

"मी का विचारू? ती विचारेल तेव्हा मी आहे."

तोवर मृणालने एवढेच विचारले होते, तेही उंदराचा पिंजरा साफ करताना, पाठमोरी राहून: "मॅडम, एखाद्या मादीचं चक्र कधी सुरूच झालं नाही तर?" मॅडम म्हणाल्या होत्या, "तर तिच्यात दोष आहे असं लिहायच्या आधी कारण शोधायचं. आणि कारण सापडलं की सगळ्यात आधी तिला कळायला हवं. पण उंदराला सांगता येत नाही. माणसाला येतं." मुलगी पिंजरा घासत राहिली.

त्याच हिवाळ्यात इंदूरच्या एका चांगल्या घरातून तिला मागणी आली आणि बोलणी ठरत आली. एका संध्याकाळी गोविंदराव माझ्याकडे आले. बराच वेळ चहाच्या कपाची कड पुसत बसले.

"तुमचं पोतनीस मॅडमशी बोलणं असतं," ते म्हणाले. "एक विचारून पाहाल? नाव नका सांगू आमचं. हार्मोनचं असं काही इंजेक्शन असतं का, की ज्यानं गर्भाशय... म्हणजे नसेल, तर तयार होईल?"

मग सगळे हळूहळू बाहेर आले. मृणाल सतरा वर्षांची असताना इंदूरला सोनोग्राफी झाली होती. बीजकोश व्यवस्थित, वाढ व्यवस्थित. गर्भाशय मात्र जन्मतःच नव्हते. डॉक्टरांनी मुलीला बाहेर बसवून हे आई-वडिलांना सांगितले, आणि त्यांनी मुलीला सांगितले की थोडी अशक्तता आहे, औषधाने ठीक होईल. तेव्हापासून ती टॉनिक घेत होती.

मी निरोप पोचवला. नाव घेतले नाही, पण मॅडमना ते सांगावे लागले नाही. मला वाटले होते मॅडम काही उपाय सांगतील. त्यांनी विचारले, "तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग हे मला कळायला नको होतं, सर. तिच्या आधी मला कसं कळलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला एवढा कठोर तो पुन्हा कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोविंदरावांना विभागात बोलावले आणि मलाही थांबवून घेतले. इंजेक्शनाचे उत्तर त्यांनी आधी दिले, कारण तो माणूस त्याच आशेवर उभा होता. "हार्मोन म्हणजे निरोप, गोविंदराव. मृणालचे निरोप एकदम वेळेवर निघून राहिले आहेत. ज्या घरी जायचे ते घर बांधलंच गेलं नाही. निरोप वाढवून घर उभं राहत नाही. बाकी ती पूर्ण निरोगी मुलगी आहे." मग त्या म्हणाल्या, "लग्नाच्या आधी तिला सांगा."

"ती मोडून जाईल, मॅडम."

"सासरी पहिल्या वर्षी कुणीतरी सोनोग्राफी करवेल. तेव्हा परक्या लोकांच्या समोर कळेल. तेव्हा नाही मोडणार?"

"लग्न झालं की सांभाळून घेतात लोक."

"घेतीलही. पण कशाला सांभाळायचंय ते तिला तर माहीत हवं ना."

गोविंदराव उभे राहिले. आयुष्यभर खालच्या आवाजात बोललेला तो माणूस म्हणाला, "तुम्हाला मुलगी नाही. तुम्हाला काय समजणार?"

मी जमिनीकडे पाहिले. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "नाही मला." आणि चष्मा पुन्हा लावून, "तुम्ही सांगा, वहिनी सांगोत, डॉक्टर सांगोत. तिनं मला येऊन विचारलं, तर मात्र मी खोटं बोलणार नाही. हे आजच सांगून ठेवते."

त्यानंतर काही दिवस गोविंदराव माझ्याशीही बोलले नाहीत. साखरपुड्याचा मुहूर्त जवळ येत होता. मग एका शनिवारी दुपारी, कॉलेज रिकामे झाल्यावर, ते मृणालला घेऊन विभागाच्या दारात आले.

"मला जमत नाही," ते मॅडमना म्हणाले. "तीन वेळा तोंड उघडलं. हिच्या आईला तर नाहीच जमत. तुम्हीच सांगा. मी बाहेर बसतो."

मॅडमनी मृणालकडे पाहिले. "तुला बाबा आत हवेत की बाहेर?"

मृणाल म्हणाली, "बाहेर."

दार लोटले गेले. आम्ही दोघे व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. बद्रीलाल न विचारता चहा ठेवून गेला. तो तसाच निवला. आतून आधी मॅडमचा सलग, संथ आवाज येत राहिला, शब्द कळत नव्हते. मग तो थांबला. मग रडणे ऐकू आले. गोविंदराव उठले, मी आयुष्यात प्रथमच कुणाचा तरी हात धरून त्याला खाली बसवले. रडणे बराच वेळ चालले.

नंतर मृणालचा आवाज आला. बसका, तुटक. मॅडमचे उत्तर. पुन्हा मृणाल. पुन्हा उत्तर. हळूहळू त्या बोलण्याला गती आली.

गोविंदराव कान देऊन ऐकत होते. "ती प्रश्न विचारून राहिली आहे का?" त्यांनी मला विचारले.

"हो. तसंच वाटतं."

"प्रश्न?" ते पुन्हा म्हणाले आणि भिंतीला डोके टेकून त्यांनी डोळे मिटले.

ऊन व्हरांड्यातून उतरल्यावर दार उघडले. मृणालचे डोळे सुजलेले होते, हाताला खडू लागलेला होता. तिने वडिलांसमोर उभे राहून एकच वाक्य उच्चारले. "बाबा, पुढच्या महिन्यापासून मी पडवीत बसणार नाही."

ते "नाही, आता नाही बसायचं" म्हणत राहिले. दोघे निघून गेल्यावर मी आत डोकावलो. मॅडम खडूने भरलेल्या फळ्याकडे पाहत बसल्या होत्या. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण प्यायल्या नाहीत.

इंदूरच्या मुलाला मृणालने स्वतः सांगितले. त्याने सभ्यपणे ऐकले, सभ्यपणे वेळ मागून घेतला, आणि त्याच्या घरून सभ्य नकार आला. आमच्या भागात कुजबुज व्हायची ती झालीच. वहिनी कित्येक महिने देवळातही गेल्या नाहीत. गोविंदरावांनी मॅडमशी बोलणे सोडले. कॉलेजच्या जिन्यात समोरासमोर आले तर ते भिंतीकडे सरकून वाट देत, आणि मॅडम "नमस्कार, बडेबाबू" म्हणून उतरत. त्यांनी हा नमस्कार एकदाही चुकवला नाही, आणि त्याला उत्तर आले नाही.

मी एकदा विचारले, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "बरोबर केलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तिचं लग्न तर मोडलं. पण दुसरं काही करता आलं असतं, असंही वाटत नाही. या दोन्हींच्या मध्ये झोप येते तेवढी घ्यायची."

मृणालने पुढे एम.एस्सी. केले, आणि आता ती फ्रीगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातल्या हार्मोनांच्या तपासण्या पाहते. रिपोर्ट बापाच्या किंवा नवऱ्याच्या हाती न देता बाईच्याच हाती देण्यावरून तिचे आणि मालकांचे अधूनमधून वाजते, असे तिनेच मला हसत सांगितले होते.

मॅडम निवृत्त झाल्या. त्याआधीच प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम बदलून उंदरांची खोली बंद झाली होती. गुडघे दुखू लागले, दुसरा मजला जड झाला, आणि गेल्या वर्षी पुण्याच्या भाचीने हट्ट धरून त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले. संध्याकाळच्या गाडीला पोचवायला मी आणि मृणाल स्टेशनवर गेलो. सामान लावून झाले. मॅडम डब्याच्या दारात उभ्या होत्या, मृणालला डोळ्यांच्या औषधाची चिठ्ठी सापडत नाही म्हणून रागावत होत्या. इतक्यात फलाटावरच्या गर्दीतून गोविंदराव आले. ते येणार आहेत हे मृणाललाही ठाऊक नव्हते. धाप लागली होती.

"नमस्कार, बडेबाबू," मॅडम म्हणाल्या.

"नमस्कार." मग मान खाली घालून, "मॅडम, एक विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी मृणालनं सगळं विचारलं असेल, पण हे नसेल विचारलं. ती पोटात असताना ग्रहण होतं, आणि हिच्या आईनं विळीवर भाजी चिरली होती. माझी आई ओरडली होती. त्यामुळे नाही ना झालं?"

मृणाल वडिलांकडे पाहतच राहिली.

"वहिनी अजून हे धरून बसल्या आहेत?"

"कुणाला बोलत नाही. पण सोनोग्राफी झाल्यापासून तिला तेच वाटतं. तुम्ही एकदा नाही म्हणाला असतात तर मी घरी जाऊन सांगितलं असतं."

"तुम्ही नका सांगू," मॅडम म्हणाल्या. "फोन लावा. मी बोलते."

गोविंदरावांनी नंबर लावला आणि फोन वर दिला. "सुमनवहिनी? मी सुलभा पोतनीस. नाही, रडू नका, आधी ऐका. भाजीचा काही संबंध नाही. ग्रहणाचा नाही, तुमचा नाही, कुणाचाच नाही..." शिट्टी वाजली. मॅडमनी दुसरा कान बोटाने बंद केला. "गर्भ अगदी लहान असतो ना, तेव्हा आत दोन बारीक नळ्या असतात. त्या खाली येऊन एकमेकींना मिळतात, आणि त्यातून..."

गाडी हलली. गोविंदराव दोन पावले बरोबर चालले, हात पुढे झाला आणि तसाच राहिला. मॅडमचे लक्ष नव्हते. मोकळा झालेला हात त्यांनी वर धरला होता, त्याची दोन बोटे जवळ आणत होत्या, दूर नेत होत्या, जणू समोर वहिनी बसलेल्या होत्या. डबा फलाटाच्या टोकाशी गेला तरी ती बोटे हलताना दिसत होती.

"बाबा, तुमचा फोन!" मृणाल म्हणाली.

"जाऊ दे," गोविंदराव म्हणाले. "त्यांना बोलू दे पूर्ण."